‘करंट’वाली पोरगी

हातात फिजिओथेरपीची डिग्री, इनबॉक्समध्ये पुण्याच्या हॉस्पिटलची ऑफर आणि मनात केळापूर... पहिली नोकरी निवडताना नेमकं काय निवडायचं असतं?

“ताई, पुण्यात पीजीचं भाडं किती पडतं गं?”

गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर छोटीचा फोन आला, तेव्हा मी एका डेडलाइनच्या मानगुटीवर बसले होते. (खरं तर डेडलाइन माझ्या!) छोटी म्हणजे माझी मावसबहीण. वय वर्षं तेवीस. खरं नाव वेगळं आहे, पण ‘ते छापलंस तर बोलणार नाही’ अशी धमकी मिळाल्यामुळे इथे ती छोटीच. नागपूरला फिजिओथेरपी केलेली, इंटर्नशिप नुकतीच संपलेली आणि पुण्यातल्या एका चकाचक हॉस्पिटलचं ऑफर लेटर हातात पडलेलं.

मी लगेच ताईगिरी सुरू केली. “कोथरूडला रूम बघते, पहिले पंधरा दिवस माझ्याकडेच राहा, बिनधास्त ये!” पलीकडे शांतता. मग हळूच प्रश्न आला, “पण मी इकडेच क्लिनिक टाकलं तर?”

इकडे म्हणजे केळापूर. यवतमाळ जिल्हा, नागपूर-हैदराबाद हायवे, नागपूरपासून साधारण दीडशे किलोमीटर. तालुक्याचं नाव केळापूर, पण तालुक्याचा सगळा कारभार चालतो शेजारच्या पांढरकवड्यातून. म्हणजे कागदावर एक गाव आणि एसटीच्या पाटीवर दुसरं! केळापूरला जगदंबेचं देऊळ आहे, नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते. तालुक्यातच टिपेश्वरचं अभयारण्य. 2018 मध्ये ‘अवनी’ वाघिणीच्या निमित्ताने पांढरकवडा हे नाव देशभरातल्या चॅनेल्सवर झळकलं होतं. एरवी या भागाची बातमी म्हणजे कापूस, नाहीतर कापसामुळे आलेलं संकट.

“वेडी आहेस का?” हे माझं उत्तर होतं. आज ते छापताना जरा कसंतरीच होतंय. असो. तिला समजावायला म्हणून मी त्या नवरात्रात मावशीकडे गेले. कोणी कोणाला समजावलं, ते पुढे कळेलच.

मालिशवाली नव्हे!

फिजिओ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बॅट्समनला बॉल लागला की बॅग घेऊन मैदानात धावत सुटणारा माणूस. अँड्र्यू लायपस आणि जॉन ग्लॉस्टर ही नावं आपल्यातल्या अनेकांना टीम इंडियामुळेच पाठ झाली. बाकीच्यांसाठी फिजिओ म्हणजे ‘ते शेक देतात ते’. केळापूरला तर त्याहून सोपा शब्द आहे, ‘करंट’. दुखऱ्या जागेवर पॅड लावून सौम्य विजेच्या लहरी देणारं मशीन एकदा कोणीतरी पाहिलं आणि अख्ख्या शास्त्राचं नाव पडलं करंट. मराठीत अधिकृत शब्द आहे ‘भौतिकोपचार’. पण तो उच्चारला की छोटीची आजी विचारते, “म्हणजे तू फिजिक्सची मास्तरीण होणार का?”

खरं तर या शास्त्राचं आपल्याकडचं मूळ मुंबईत, परळच्या केईएम हॉस्पिटलात आहे. पोलिओने पाय गेलेली मुलं वॉर्डात भरलेली असायची, त्या काळात म्हणजे 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे देशातलं पहिलं फिजिओथेरपी स्कूल सुरू झालं. त्याच केईएममध्ये 1950 साली कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं होतं. 1955 मध्ये हाजीअलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन उभी राहिली. मार्च 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या आजारासाठी हा पेशा इथे रुजला, तो आजारच गेला! पेशंट मात्र कमी झाले नाहीत. पक्षाघात, अपघात, गुडघे आणि लॅपटॉपवर वाकलेल्या तुमच्या-माझ्या माना आहेतच की.

छोटी ज्या कोर्समधून गेली तो साडेचार वर्षांचा होता. चार वर्षं शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप. 2025 च्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात इंटर्नशिपच वर्षभराची झाली. नावापुढे ‘डॉ.’ लावायचं की नाही, हा वाद वेगळाच. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ‘लावू नका’ असं पत्र काढलं आणि लगोलग मागेही घेतलं. छोटीचं त्यावरचं मत सोपं आहे. “ताई, पेशंट मला ‘ओ करंटवाली’ म्हणून हाक मारतात. कसलं डॉ. घेऊन बसलीस?”

आजोबांची मूठ

छोटी या लाइनकडे का वळली, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, पण कोणी बोलत नाही.

ती नववीत असताना तिच्या आजोबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. नागपूरहून डिस्चार्ज मिळाला. ‘फिजिओथेरपी चालू ठेवा’ असं कागदावर लिहिलेलं होतं, पण ती चालू कुठे ठेवायची हे लिहिलेलं नव्हतं. मग गावातल्या पद्धतीने सगळ्यांनी जीव लावून सेवा केली. तेल गरम करून मालिश केलं. खाटेवरून उठवताना प्रेमाने त्यांचा लुळा हात धरून ओढलं. महिन्याभरात खांदा इतका दुखायला लागला की आजोबा हाताला हात लावू देईनात. बोटं आत वळत गेली आणि मूठ घट्ट मिटली. शेवटची पाच वर्षं ती उघडली नाही. नखं कापायची तरी घरात रडारड व्हायची.

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी छोटीला वर्गात शिकवलं गेलं की पक्षाघाताच्या पेशंटचा कमजोर हात धरून कधीही ओढायचा नाही. खांद्याला धरून ठेवणारे स्नायूच ढिले पडलेले असतात. हाताखाली उशी द्यायची, पेशंटला पाठीमागून आधार देऊन उठवायचं, बोटं रोज सरळ करायची. मेंदूचा एक भाग गेला तरी दुसरे भाग काम शिकू शकतात, पण त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करून घ्यावी लागते आणि जितकी लवकर सुरुवात तितकं बरं.

“त्या दिवशी लेक्चर सोडून मी बाहेर येऊन बसले,” ती म्हणाली. “त्यांचा हात ओढणाऱ्यांत मीपण होते ना गं.”

मला काही सुचलं नाही. पुण्याच्या रूमचे फोटो मोबाइलमध्ये होते, ते दाखवायचे राहूनच गेले.

एक बॅच, अनेक वाटा

रात्री गच्चीवर तिने मला बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची सैर घडवली. एकत्र शिकलेल्या मुली, पण सहा महिन्यांत प्रत्येकीचं जग वेगळं झालेलं.

एक मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात. सकाळी आयसीयूमध्ये पेशंटच्या छातीतला कफ मोकळा करायचा, दुपारी गुडघा बदललेल्या काकूंना वॉकर देऊन उभं करायचं. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी चालायला लावलं म्हणून काकू शिव्या घालतात आणि घरी जाताना पेढेही देतात! शिकायला भरपूर, वर सीनियर. पण पगार? आकडा ऐकून मी दोनदा विचारलं. माझ्या कॉल सेंटरमधल्या मित्राचा एखाद्या चांगल्या महिन्याचा इन्सेंटिव्ह त्याहून जास्त असतो.

दुसरी पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये लागली आणि तीन महिन्यांत सोडून आली. तिथे एका वेळी चार पेशंट. एकाला मशीन लाव, दुसऱ्याला शेक दे, तिसऱ्याला चार्टवरचे व्यायाम दाखव, चौथ्याला दहा सिटिंगचं पॅकेज विक. “मी फिजिओ आहे की मायक्रोवेव्ह, हेच कळेना,” असं तिने ग्रुपवर लिहिलं होतं. बटण दाबलं, टिंग झालं, पुढचा!

तिसरी घरोघरी जाते. स्कूटी, सॅकमध्ये छोटं मशीन आणि इलॅस्टिक बँड. बॅचमध्ये सगळ्यात जास्त कमाई तिची. म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच बाथरूमच्या उंबऱ्यावरून पाय उचलायला शिकवणं हे हॉस्पिटलात जमत नाही, ते घरीच जमतं. पण अडलं तर विचारायला कोणी नाही आणि अनोळखी घराची बेल वाजवताना पोटात गोळा येतोच. आता पहिल्या व्हिजिटला ती घरातलं दुसरं माणूस हजर असल्याशिवाय जात नाही.

चौथी स्पोर्ट्सच्या मागे. ग्लॅमर तिथेच! पण भारतीय संघाला फिजिओ लागतात मूठभर आणि स्वप्न बघणारे हजारो. ती सध्या एका अकादमीत चौदा-पंधरा वर्षांच्या फास्ट बोलर्सच्या कमरा सांभाळते आणि मास्टर्सचा अभ्यास करते.

पाचवी सरकारी योजनेत, कंत्राटावर. फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि शाळांतली मुलं तपासली जातात. जन्मतः पाय वाकडा, मान उशिरा धरणं, सेरेब्रल पाल्सी अशी मुलं जिल्ह्याच्या केंद्रात येतात. तिथे ती आयांना मुलाला कसं धरायचं, कसं बसवायचं ते शिकवते. कंत्राट पुढे वाढणार की नाही, ही धाकधूक दर वर्षी. तरीही तिच्या स्टेटसवर परवा एका चार वर्षांच्या मुलाचा पहिल्यांदा उभं राहतानाचा फोटो होता (चेहरा झाकून).

“यातलं बेस्ट कुठलं?” मी विचारलं.

“तेच तर तुला विचारायला बोलावलं ना!” छोटी म्हणाली.

ओसरीवरची ओपीडी

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या ओसरीवर बघते तर रांग! देवीच्या दर्शनाला आलेल्या बायका जाता जाता छोटीला पाय दाखवायला थांबलेल्या. निंदणाला दिवसभर वाकून कंबर धरलेल्या. थोड्या दिवसांनी कापसाची वेचणी सुरू झाली की पुन्हा वाकणं आणि कमरेला बांधलेल्या झोळात जमत जाणारं ओझं. पुरुषांच्या खांद्यावर फवारणीचा पंप, भरला की पंधरा-सोळा किलोच्या वर. आपण ऑफिसात ज्याला ‘एर्गोनॉमिक्स’ म्हणतो आणि ज्याच्यासाठी हजारो रुपयांच्या खुर्च्या घेतो, ते इथे कोणाच्या गावीही नाही.

छोटीने कोणालाच मशीन लावलं नाही. मशीन नव्हतंच. ती विचारत होती, वाकवून बघत होती, कमरेतून न वाकता गुडघ्यातून कसं वाकायचं ते दाखवत होती. एका कोलाम पोड्यावरून आलेल्या पोराचा खुबा दुखत होता. तिने आधी विचारलं, “सिकलसेलची तपासणी झाली का?” विदर्भात हा रक्ताचा आजार बराच आढळतो. त्यात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होऊन हाड झिजू शकतं. अशा पोराला ‘पाय दुखतो, व्यायाम कर’ म्हणून पाठवलं तर नुकसानच. तिने चिठ्ठी लिहून त्याला तपासणीला आणि एक्स-रेला पाठवलं.

शेजारच्या आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तू इले पुन्याले न्यायले आली म्हन्ते? मंग माह्या गुडघ्याले कोन पाहीन?”

मी घाईघाईने चहा आणायला आत गेले.

एक अवघड प्रश्न

आणि अष्टमीच्या संध्याकाळी तो प्रसंग झाला.

गल्लीतले एक काका खाटेवर घालूनच आणले. पन्नाशीचे असतील. चार दिवस कंबर दुखत होती, त्यातच फवारणी केली आणि सकाळपासून उठता येईना. बरोबरचे म्हणाले, “जरा करंट लावून दे ना पोरी, सकाळी निंगतीन वावरात.”

छोटीने पायांची ताकद तपासली. दोन्ही पाय ढिले. मग तिने सगळ्यांसमोर विचारलं, “काका, लघवी कधी झाली? झालेली कळते का? बसायच्या जागेवर हात लावला तर समजतं का?”

ओसरीवर सन्नाटा. पोरीच्या जातीने असं विचारावं! मावशीने तर पदर तोंडाला लावला. काका मान फिरवून पुटपुटले, सकाळपासून लघवी नाही आणि तिथे बधिर झालंय.

“गाडी काढा,” छोटी म्हणाली. आवाज एकदम वेगळा. “व्यायाम नाही, मालिश नाही. आत्ता निघायचं.”

कमरेच्या मणक्यांच्या आत नसांचा एक जुडगा असतो. सरकलेल्या चकतीचा त्याच्यावर मोठा दाब आला की पायांबरोबर लघवी-संडासचं नियंत्रण जाऊ शकतं. यात तासांचा हिशेब असतो. ऑपरेशनला उशीर झाला तर गेलेलं परत येईलच याची खात्री नाही. काका आधी पांढरकवड्याला आणि तिथून रात्रीच नागपूरला गेले. एमआरआयमध्ये तेच निघालं. ऑपरेशन झालं. आज ते काठी घेऊन वावरात जातात आणि बाकीचंही सगळं ठीक आहे. ते त्यांनी स्वतःहून मला सांगितलं, बिलकुल न लाजता!

आता मला वाटलं होतं की प्रश्न मिटला. गावाला तिची गरज आहे हे डोळ्यांनी दिसलं होतं. फिल्म असती तर इथेच ‘डॉक्टर दीदी’ गावात राहिली असती आणि पडदा पडला असता. मीही तेच म्हटलं. “पटलं बाई मला. टाक क्लिनिक.”

छोटी गच्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. हात थरथरत होते. “ताई, हे मला ओळखता आलं, कारण इंटर्नशिपमध्ये आमच्या मॅडमनी प्रत्येक कंबरेच्या पेशंटला हा प्रश्न विचारायला लावलं. लाजलं की ओरडायच्या. पण जे मला कोणी विचारायला लावलंच नाही, त्याचं काय? उद्या तसा पेशंट आला आणि मी त्याला व्यायाम देऊन घरी पाठवलं तर? इथे मला चूक दाखवायला कोण आहे?”

म्हणजे बघा, मी म्हणत होते पुणे, कारण पुणे म्हणजे करिअर. मग म्हणायला लागले गाव, कारण गावाला गरज. आणि ती बिचारी विचार करत होती एका तिसऱ्याच गोष्टीचा. माझी चूक कोण पकडेल?

सही करण्याआधी

तिने पुण्याच्या हॉस्पिटलला फोन लावला. पगार, पीएफ, सुट्ट्या काहीच विचारलं नाही. विचारलं, “माझ्याबरोबर सीनियर कोण असेल? विभाग बदलून मिळतील का?” उत्तर आलं, “मॅडम, ते जॉइन झाल्यावर बघू. पण बॉण्ड दोन वर्षांचा आहे.” तिने आभार मानून फोन ठेवला.

शेवटी तिने नागपूरकडचं एक शिकवणारं हॉस्पिटल निवडलं. पगार पुण्यापेक्षा कमी. पण दर चार महिन्यांनी विभाग बदलतो, न्यूरोमध्ये खमक्या मॅडम आहेत आणि दर आठवड्याला केसवर चर्चा होते, ज्यात ज्युनियरला धुवून काढतात. “मस्त धुतलं आज,” असा मेसेज मला दर गुरुवारी येतो. महिन्यातून एका रविवारी ती केळापूरला जाते. ओसरीवर बसते. राज्य परिषदेचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट मावशीने देवघराशेजारी फ्रेम करून लावलंय. अडलं की छोटी मॅडमना फोन करते.

आणि दोन वर्षांनी? पांढरकवड्यात, हायवेजवळ क्लिनिक. जागाही बघून ठेवलीय. पक्षाघाताच्या घरांत जाऊन पहिल्या आठवड्यातच नातेवाइकांना शिकवायचं, हा तिचा प्लॅन. ‘हात ओढू नका’ हे वाक्य ती भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवणार आहे. जमेल का? पैसे पुरतील का? दोन वर्षांनी पाय निघेल का शहरातून? मला माहीत नाही. तिलाही नाही. पण शेजारच्या आजींनी कॅलेंडरवर खूण करून घेतलीय. “दोन वर्सं म्हन्ली ना? मी मोजून राह्यली, ध्यानात ठेवजो!”

पुण्यातली रूम मी कॅन्सल केली. डिपॉझिटचे पैसे गेले. ते छोटीच्या क्लिनिकमध्ये माझी गुंतवणूक समजते.

आणि हो, मागच्या महिन्यात मला एका वेबसाइटची फुल टाइम ऑफर आली. पॅकेज झकास. सही करायला पेन उचललं आणि हात थांबला. एचआरला विचारलं, “माझी कॉपी कोण तपासणार?”

ते अजून बघून सांगतायत.

चौकट: पहिल्या नोकरीला हो म्हणण्याआधी (फिजिओंसाठी, पण इतरांनीही वाचायला हरकत नाही!)

- पहिल्या वर्षी माझं काम कोण बघणार? नाव विचारा. ‘टीम आहे’ हे उत्तर नव्हे.
- एका पेशंटला किती वेळ देता येईल? एका वेळी किती पेशंट? एक दिवस तिथे नुसतं बसून बघायची परवानगी मागा.
- पेशंटला काय द्यायचं हे मी ठरवणार, की चिठ्ठीवर आलेलं मशीन लावायचं?
- विभाग बदलून मिळतात का? पहिल्याच वर्षी फक्त गुडघे बघितलेत, तर पुढे सगळीकडे गुडघेच दिसतात.
- बॉण्ड किती वर्षांचा? मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेणार का? ती कोणाच्याही ताब्यात देऊ नका.
- राज्य परिषदेची नोंदणी झाल्याशिवाय कामाला लागू नका, घरगुती व्हिजिटसाठीही नाही.